अश्वशक्तीचा मापारी

कल्याणहून माळशेज घाटाने अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जुन्नर तालुक्यात आळेफाटा व बेल्हे ही गावे मागे टाकतो आणि आणे घाट चढू लागतो. घाटाच्या पायथ्याशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. कांद्याच्या गोण्यांनी भरलेली मालमोटार घरघर करीत, बैलगाडीच्या चालीने वळण चढत असते. तेवढ्यात मागून एक लहानशी मोटार येते आणि पाहता पाहता पुढे निघून जाते. मालमोटारीचे इंजिन या लहान मोटारीच्या इंजिनाहून कितीतरी मोठे असते. फिरविण्याचा जोरही त्यात अधिक असतो. मग ती मागे का राहते? इंजिनाचा जोर आणि इंजिनाची शक्ती या दोन गोष्टी एकच आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की आपण एका स्कॉटिश कारागिराच्या कर्मशाळेत जाऊन पोहोचतो. त्याने मोटार कधी पाहिली नव्हती. पण मोटारीची शक्ती ज्या मापाने सांगतात, ते अश्वशक्तीचे माप त्याचेच. त्या कारागिराचे नाव जेम्स वॅट.

जेम्सचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या गावी झाला. क्लाइड नदीच्या मुखाशी वसलेले ते एक बंदर होते. त्याचे वडील जहाजांच्या कामात व व्यापारात होते. त्यांच्या कर्मशाळेत करवती, पटाशा, होकायंत्रे आणि कप्प्या यांचा पसारा असे. जेम्सची प्रकृती लहानपणी फार नाजूक होती. डोकेदुखीने तो वारंवार आजारी पडे; त्यामुळे काही काळ त्याचे शिक्षण घरीच झाले. आईने त्याला वाचावयास शिकविले. वडिलांनी त्याच्या हाती लहान लहान हत्यारे दिली. इतर मुले मैदानात खेळत, तेव्हा हा मुलगा खेळणी उकलून पुन्हा जोडीत बसे. किटलीच्या झाकणाकडे पाहता पाहता त्याला वाफेच्या यंत्राचा शोध लागला, अशी एक कथा सांगतात. ती ऐकावयास गोड आहे, पण खरी नव्हे. वॅटच्या जन्माआधी चोवीस वर्षे, १७१२ साली, टॉमस न्यूकोमेन या इंग्रजाने खाणीतील पाणी उपसणारे वाफेचे यंत्र उभारले होते. वॅटचे श्रेय वेगळे आहे आणि ते किटलीच्या कथेहून मोठे आहे.

जेम्स सतरा-अठरा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांच्या व्यापारालाही उतरती कळा लागली. पोटासाठी काही हुन्नर शिकणे भाग होते. १७५५ साली तो लंडनला गेला आणि मोजमापाची सूक्ष्म यंत्रे बनविण्याची कला शिकू लागला. ही कला शिकण्यास सात वर्षे उमेदवारी करण्याचा तेथे रिवाज होता. जेम्सजवळ एवढा पैसा नव्हता आणि एवढा अवधीही नव्हता. त्याने एका वर्षातच ती आत्मसात केली. मात्र तुटपुंजे अन्न आणि अतिश्रम यांनी प्रकृती ढासळून तो घरी परतला. पुढे ग्लासगो शहरात दुकान थाटावे, तर तेथील कारागिरांच्या संघाचे नियम आड आले. अशा वेळी ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात जागा दिली. १७५७ साली तो विद्यापीठाचा यंत्रकार झाला. तेथील विद्वान प्राध्यापक या तरुण कारागिराच्या खोलीत येऊन बसत. उष्णतेवर मूलभूत संशोधन करणारे जोसेफ ब्लॅक हे त्यांतलेच एक होत.

१७६३ च्या हिवाळ्यात विद्यापीठाने त्याच्याकडे न्यूकोमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीसाठी पाठविली. वॅटने ती दुरुस्त केली. पण चार-दोन हेलकावे देऊन ती थांबे. बंबातील वाफ तेवढ्यातच संपून जाई. दुसरा कोणी असता, तर काम झाले म्हणून स्वस्थ बसला असता. वॅट मात्र कारण शोधू लागला. या यंत्रात वाफ नळकांड्यात शिरे. मग त्याच नळकांड्यात थंड पाणी फवारून तिचे पाणी करीत. आत पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. पुढच्या खेपेला थंड झालेले नळकांडे पुन्हा तापविण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडे. तवा प्रत्येक भाकरीनंतर पाण्यात बुडवावा आणि पुन्हा चुलीवर ठेवावा, तसाच हा प्रकार होता. सरपण कितीही घातले तरी पुरणार कसे?

दोन वर्षे हा प्रश्न त्याच्या मनात घोळत राहिला. १७६५ च्या वसंत ऋतूत एका रविवारी तो ग्लासगोच्या हिरवळीवर फिरावयास गेला असता त्याला एकाएकी उत्तर सुचले. वाफ थंड करावयाची ती नळकांड्यात नव्हे. तिच्यासाठी जोडीला एक वेगळे भांडे असावे. मग नळकांडे सदैव तप्त राहील आणि वेगळे भांडे सदैव थंड. कल्पना एवढीच होती. परंतु तिने वाफेच्या यंत्राचे भवितव्य बदलून टाकले.

कल्पना सुचली एका फेरफटक्यात. ती प्रत्यक्षात येण्यास मात्र अकरा वर्षे लागली. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधून वाफ निसटू नये, इतके गोल नळकांडे त्या काळच्या कारागिरांना कातता येत नव्हते. वॅटवर कर्ज झाले. जॉन रोबक या उद्योजकाने त्याला भांडवल पुरविले. १७६९ साली पेटंटही मिळाले. पण रोबकचेच दिवाळे वाजले. संसार चालविण्यासाठी वॅट कालव्यांच्या जमिनीची मोजणी करीत रानोमाळ हिंडू लागला. १७७३ साली तो उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अशाच कामावर असताना पत्नी मार्गारेट बाळंतपणात गेल्याची वार्ता त्याला कळली. अडचणीच्या काळात त्याला धीर देणारी तीच होती. घरी लहान मुले, डोक्यावर कर्ज आणि अपुरे यंत्र, अशी त्या वेळी त्याची स्थिती होती.

या अंधारातून त्याला बाहेर काढले मॅथ्यू बोल्टन या उद्योगपतीने. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे त्याचा मोठा कारखाना होता. रोबकचा हिस्सा त्याने आपल्याकडे घेतला. १७७४ साली वॅट बर्मिंगहॅमला आला. वॅट स्वभावाने भित्रा, चिंताळू आणि व्यवहाराचा कंटाळा असलेला. बोल्टन उमदा, धाडसी आणि माणसे जोडणारा. या दोघांची भागीदारी पंचवीस वर्षे निर्वेध चालली. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तोफा कोरण्यासाठी नवे यंत्र काढले होते. त्या धर्तीवर त्याने नळकांडीही अचूक कातून दिली. १७७६ साली वॅटची पहिली मोठी यंत्रे कामास लागली. जुन्या साध्या यंत्रांच्या मानाने त्यांत सुमारे पाऊण कोळसा वाचू लागला. बोल्टन आणि वॅट यांनी खाणमालकांपुढे एक सरळ सौदा ठेवला. कोळशात जी बचत होईल, तिचा तिसरा हिस्सा आम्हांस द्यावा. खाणमालकांजवळ जुनी यंत्रे होतीच. त्यामुळे बचत मोजणे सोपे होते.

अडचण आली ती पुढे. खाणीतील पाणी उपसण्यास दट्ट्याची खाली-वर हालचाल पुरे. पण दळावयाचे, कातावयाचे, घुसळावयाचे म्हटले, की चाक फिरले पाहिजे. १७८१ साली वॅटने दट्ट्याच्या हालचालीने चाक फिरविण्याची युक्ती काढली. एक दातेरी चाक दुसऱ्या दातेरी चाकाभोवती, सूर्याभोवती ग्रह फिरावा तसे, फिरविण्याची ही योजना होती. तिच्यात त्याचा हुशार साहाय्यक विल्यम मर्डॉक याचाही मोठा वाटा होता. आता गिऱ्हाईक बदलले. पिठाच्या गिरण्यांचे आणि मद्य तयार करणाऱ्या कारखान्यांचे मालक यंत्र पाहण्यास येऊ लागले. त्यांच्याकडे जुने वाफेचे यंत्र नव्हतेच. त्यांच्याकडे होते घोडे. तेव्हा कोळशाच्या बचतीची भाषा त्यांना काय उपयोगाची? बेल्ह्याच्या बाजारात बैलजोडी घेणारा शेतकरी जसा ती किती ओढील हे आधी विचारतो, तसा त्यांचा एकच प्रश्न असे. हे यंत्र किती घोड्यांचे काम करील?

या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणे सोपे होते. वाटेल तो आकडा सांगता आला असता. पण मोजमापाची यंत्रे बनविण्यात ज्याची उमेदवारी झाली, त्याला ते रुचणारे नव्हते. घोडा गिरणी कशी फिरवितो, हे त्याने मापाने पाहिले. आपल्याकडे उसाचा चरक बैल फिरवीत, तशीच ती गिरणी असे. मध्ये उभा खांब, खांबाला आडवा लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाशी जुंपलेले जनावर. हा दांडा बारा फूट लांब होता. घोडा सुमारे १८० पौंडांच्या जोराने ओढीत होता आणि एका मिनिटात सुमारे १८० फूट वाटचाल करीत होता. १८० ला १८० ने गुणले असता ३२,४०० येतात. वॅटने सोयीसाठी पुढे ३३,००० हा आकडा धरला. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापात सांगावयाचे, तर सुमारे ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. साधारण घोड्याला हे काम दिवसभर करणे झेपत नसे. त्यामुळे दहा घोड्यांचे म्हणून घेतलेले यंत्र दहा घोड्यांहून कमी पडले, असे म्हणण्याची पाळी गिऱ्हाइकावर येत नसे. मापाऱ्याने शिगेला लावून माप घालावे, तसे हे माप होते. पुढे याच मापाने यंत्राचे भाडेही ठरू लागले. दर अश्वशक्तीमागे वर्षाला पाच पौंड आणि लंडन शहरात सहा पौंड.

या हिशेबात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. पहिली गोष्ट फिरविण्याच्या जोराची. चरकाचा दांडा खांबाजवळ धरून ढकलला, तर तो हलता हलत नाही. टोकाशी धरला, तर तेवढ्याच जोराने सहज फिरतो. म्हणून फिरविण्याचा जोर मोजताना ओढ आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार करतात. यालाच यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात. दुसरी गोष्ट फेऱ्यांच्या वेगाची. जनावर दांड्याला कितीही जोर लावून उभे राहिले, पण खांब फिरलाच नाही, तर रसाचा थेंबही निघत नाही. टॉर्क आहे, पण काम शून्य. टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग या दोहोंच्या गुणाकाराने शक्ती ठरते. एका इंजिनाचा टॉर्क दुसऱ्याच्या दुप्पट असला, पण ते निम्म्या वेगाने फिरत असले, तर दोघांची अश्वशक्ती सारखीच भरते.

आता आणे घाटातील मालमोटारीकडे पुन्हा वळू. तिच्या मोठ्या इंजिनाचा टॉर्क भरपूर असतो. पण ते सावकाश फिरते. लहान मोटारीच्या इंजिनाचा टॉर्क थोडा, पण ते भरभर फिरते. चढ लागला, की मालमोटारीचा चालक खालचा गिअर घालतो. गिअरची दातेरी चाके इंजिनाच्या अनेक फेऱ्यांचा चाकाकडे एकच फेरा करतात. फेरे सहापट कमी झाले, की घर्षणातील थोडी घट सोडता फिरविण्याचा जोर सहापट होतो. गिअर नवी शक्ती निर्माण करीत नाही. तो वेग देतो आणि जोर घेतो. म्हणूनच एवढे ओझे घाट चढते, पण बैलगाडीच्या चालीने.

गाडी किती लवकर वेग घेते, म्हणजे तिचे त्वरण किती, हेही याच हिशेबाने कळते. चाके रस्त्याला मागे रेटतात आणि त्या रेट्याने गाडी पुढे जाते. रेटा जितका अधिक, तितके त्वरण अधिक. गाडीचे वजन जितके अधिक, तितके ते कमी. उभी गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते, तेव्हा टॉर्क गिअरमुळे वाढलेला असतो आणि बसणाऱ्याची पाठ आसनाला टेकते. पुढे वेग वाढतो, वरचे गिअर पडत जातात आणि तो रेटा ओसरत जातो. तेवढीच शक्ती दुप्पट वेगाला वापरावयाची, तर रेटा निम्माच उरतो. म्हणून धावत्या गाडीला आणखी वेग घेऊन दुसऱ्या गाडीच्या पुढे जावयाचे असेल, तर त्या क्षणी इंजिन किती अश्वशक्ती देऊ शकते यावर सारे अवलंबून असते. घाटात तर या रेट्याचा मोठा भाग गाडीचे वजन चढावर ओढण्यातच संपतो. उरेल तेवढाच वेग वाढविण्याच्या कामी येतो. मालमोटारीच्या प्रत्येक टनाच्या वाट्याला थोडेच घोडे येतात, लहान मोटारीच्या वाट्याला पुष्कळ. मालमोटार मागे राहते ती याच कारणाने.

वॅटच्या यंत्राने मात्र असा घाट चढावा, हे स्वतः वॅटलाच मान्य नव्हते. त्याचे यंत्र कमी दाबाच्या वाफेवर चाले. त्यामुळे ते सुरक्षित होते. परंतु अवजडही होते. गाडीवर बसेल असे लहान यंत्र करावयाचे, तर वाफेचा दाब वाढविणे भाग होते. बंब फुटून माणसे दगावतील, ही भीती वॅटच्या मनातून कधी गेली नाही. १७८४ च्या सुमारास मर्डॉकने कॉर्नवॉल परगण्यात वाफेवर चालणाऱ्या गाडीची एक लहान प्रतिकृती बनविली आणि ती चालवूनही दाखविली. वॅटला आनंद झाला नाही. उलट आपला उत्तम माणूस भलत्या नादी लागल्याची त्याला चिंता वाटली. त्याने स्वतःच्या पेटंटमध्ये वाफेच्या गाडीचा उल्लेख करून ठेवला, पण ती गाडी कधी बांधली नाही. बोल्टननेही मर्डॉकला या उद्योगापासून परावृत्त केले. १८०० साली वॅटच्या पेटंटची मुदत संपली. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १८०१ रोजी, कॉर्नवॉलमधील रिचर्ड ट्रेव्हिथिक या तरुणाने अधिक दाबाच्या वाफेवर चालणारी गाडी माणसांसह कँबर्नचा चढ चढवून दाखविली. वॅटची भीती अगदीच खोटी नव्हती. पुढे असे बंब फुटून माणसे मेलीही. तरीपण वाहनांचा मार्ग ट्रेव्हिथिकच्या बाजूनेच गेला. थोर शोधकालाही आपल्या शोधाचे सारे भविष्य दिसतेच असे नाही.

१८०० सालीच वॅट धंद्यातून निवृत्त झाला. आता कर्ज नव्हते, चिंता नव्हती. हँड्सवर्थ येथील आपल्या घराच्या माळ्यावर त्याने एक लहानशी कर्मशाळा थाटली आणि पुतळ्यांच्या नकला कोरणारे यंत्र बनविण्यात तो रमून गेला. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. ती माळ्यावरची खोली पुढे हत्यारांसकट जपून ठेवण्यात आली. ती आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाहावयास मिळते. त्याच्या मृत्यूनंतरच्या दशकात मुंबईत नवी टांकसाळ उभारण्यात आली, तिच्यासाठी वाफेची यंत्रे बोल्टन-वॅटच्या कारखान्यातूनच आली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी आगगाडी धावली, तेव्हा वाफेला चाके लावण्याचे ट्रेव्हिथिकचे स्वप्न आपल्या भूमीवरही उतरले.

१८८२ साली विल्यम सीमेन्स या शास्त्रज्ञाने शक्तीच्या नव्या मापाला वॅटचे नाव द्यावे, असे सुचविले. आज घरातील विजेच्या दिव्यावर तेच नाव आढळते. ७४६ वॅट मिळून एक अश्वशक्ती होते. विजेवर चालणाऱ्या मोटारींची शक्ती किलोवॅटमध्ये सांगतात. तेव्हा घोडा मागे पडला, तरी घोड्याचे माप घेणारा मागे पडलेला नाही. घाट चढणाऱ्या प्रत्येक वाहनाबरोबर, मग ती मालमोटार असो वा लहान गाडी, गिऱ्हाइकाला खरे उत्तर देण्यासाठी केलेला त्याचा हिशेब आजही चालत असतो. आपल्या यंत्राने रस्ता चढू नये असे ज्याला वाटत होते, त्याच्याच मापाने आज रस्त्यावरील सारी वाहने मोजली जात आहेत.